विहिरीच्या पाण्याला फेस येतो : विमानतळाजवळच्या भूजलाची तपासणी कशी करावी?

बिजासनकर (धागाकर्ता)

आमचे घर इंदूरच्या पश्चिम टोकाला, विमानतळाच्या कुंपणभिंतीपासून साधारण सव्वा किलोमीटरवर आहे. गल्लीत नर्मदेची लाइन आली आहे, पण पाणी एक दिवसाआड येते आणि आले तरी वरच्या टाकीपर्यंत चढत नाही. त्यामुळे आजोबांनी खणलेली ४५ फुटांची विहीर आणि वीस वर्षांपूर्वी केलेले ३२० फुटांचे बोरिंग ही दोन्ही अजून रोजच्या वापरात आहेत. यंदा पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर विहिरीचे पाणी बादलीत जोराने सोडले की वर पांढरा फेस धरतो. तो लगेच विरत नाही. अर्ध्या तासानंतरही बादलीच्या कडेला कड्यासारखा चिकटून असतो. बोरिंगच्या पाण्याला तसा फेस येत नाही.

शेजारचे काका म्हणतात की हा विमानतळावर आग विझवण्यासाठी वापरतात त्या फोमचाच फेस आहे, कारण परदेशांत अशी उदाहरणे घडली आहेत. आई म्हणते की विहिरीला नवे पाणी आले की असे होतेच. मी एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासायला दिले. टीडीएस ७८०, सामू ७.४, कठीणपणा जास्त, आणि खाली ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का, एवढेच हाती आले. या शिक्क्यावर विसंबावे का, आणि विसंबू नये तर पुढची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. विमानतळावर दोष ठेवण्याची मला घाई नाही. कारण कळावे एवढीच इच्छा आहे.

परीक्षानळी

शिक्का खोटा नाही, पण तो आपल्या प्रश्नाचे उत्तरही नाही. टीडीएस हा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज असतो आणि तो लिटरला मिलिग्रॅममध्ये सांगतात. काकांना ज्यांची शंका आहे ती रसायने पीफास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजारो पदार्थांच्या कुटुंबातली आहेत. त्यांतला कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की ऊन, जिवाणू किंवा चुलीवरची उकळी यांनी तो तुटत नाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये त्यांपैकी पीएफओए आणि पीएफओएस या दोघांसाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली. एक चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि सगळीकडे एक मीटर खोल असलेल्या तळ्यात चार ग्रॅम पूड विरघळवली, म्हणजे एवढे प्रमाण होते. टीडीएसच्या मीटरवर जो सर्वांत लहान आकडा दिसतो, त्याच्या अडीच लाखाव्या भागाइतके हे आहे. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, या रसायनांचा उल्लेखच नाही. त्यामुळे त्या मानकाच्या आधारे मारलेला शिक्का त्यांच्याबद्दल काहीही सांगू शकत नाही.

आता आपल्या बादलीकडे येतो. ज्या प्रमाणात ही रसायने पिण्याला घातक मानली जातात, त्या प्रमाणात ती पाण्याला फेस आणत नाहीत. म्हणून दिसणारा फेस आणि विमानतळाविषयीची शंका हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा मिटत नाही. फेसासाठी आधी साध्या, स्वस्त चाचण्या करून घ्या: ॲनायॉनिक डिटर्जंट (मानकातली स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम), नायट्रेट (४५ मिलिग्रॅम), क्लोराइड आणि कोलिफॉर्म (मैलापाण्याचा माग सांगणारे जिवाणू). आणि एक विचारतो, राग मानू नका. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे?

रामबागवाला

अशा चर्चांनी पश्चिमेकडच्या वसाहतींतले प्लॉटचे भाव पडतील, एवढेच होईल. विमानतळ होळकरांच्या काळापासून तिथे आहे आणि आजवर कोणी मेलेले ऐकिवात नाही.

खडकपारखी

रामबागवाले, प्लॉटच्या भावाची चिंता मी समजू शकतो, पण विहिरीच्या मालकाने आपल्या विहिरीत काय आहे ते विचारू नये हे पटत नाही.

बिजासनकर, आपली विहीर आणि बोरिंग एकाच अंगणात असली तरी ती एकाच पाण्याची नाहीत. माळव्याच्या पठारावर आपण लाव्हाच्या थरांवर बसलो आहोत. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला आणि पुढे घट्ट होत जाणारा काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा. आपली ४५ फुटांची विहीर मुरमातले पाणी घेते, म्हणजे काल-परवा जमिनीवर पडलेले किंवा सांडलेले पाणी. बोरिंग खालच्या थरांच्या भेगांतून घेते. मात्र केसिंग, म्हणजे बोरिंगच्या आतून बसवलेला आवरणाचा पाइप, वरच्या चाळीस-पन्नास फुटांतच असते, आणि ते नीट बसवलेले नसेल तर वरचे पाणी केसिंगच्या बाहेरून खाली झिरपत राहते. दोन्हींचे नमुने वेगवेगळे द्यावेत, आणि अहवालात दोन आकडे निराळे आले तर तीच सर्वांत मोलाची माहिती समजावी.

विमानतळाकडून पाणी आपल्याकडे येते की आपल्याकडून तिकडे जाते, हे ठरल्याशिवाय कोणतेही महागडे पृथक्करण करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी एका सरळ रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. एकाच दिवशी, कोणताही पंप किमान रात्रभर बंद ठेवून, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर फितीने मोजायचे. इथे बहुतेक लोक चुकतात: काठापासूनची खोली ही पाण्याची उंची नव्हे. तिन्ही काठांची एकमेकांच्या तुलनेतली उंची माहीत हवी, आणि ती मोबाइलवरून घेतली तर काही मीटरची चूक सहज होते. इथे दोन घरांतल्या पाण्याच्या पातळीत मीटरभराचाच फरक असू शकतो. कॉलनीतल्या एखाद्या सिव्हिल कंत्राटदाराकडून ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे असलेली उंच पट्टी) घेऊन एका सकाळी हे काम होते. गवंड्याची पाणसळ एवढ्या अंतराला पुरणार नाही. तीन उंच्या मिळाल्या की कागदावर त्रिकोण काढून उतार कोणीकडे आहे ते शाळेतला मुलगाही सांगू शकेल.

तरीही दोन सावधगिरीच्या सूचना देतो. काळ्या पाषाणात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडून सारखे वाहत नाही. ते भेगांच्या वाटेने जाते, आणि एखादी मोठी भेग उताराला आडवीही असू शकते. शिवाय केंद्रीय भूजल मंडळ विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्याला कारण आहे. मे महिन्यातला उतार आणि पावसाळ्यानंतरचा उतार एकच असेल असे नाही, विशेषतः जिथे शंभर बोरिंगांचे पंप रोज आपापल्या बाजूला पाणी ओढत असतात.

धावपट्टी

मी विमानतळांच्या अग्निशमन दलात नोकरी केली. कोणकोणत्या विमानतळांवर केली, ते लिहिणार नाही. पण फोमबद्दल लोकांच्या मनात जे चित्र असते त्यात एक दुरुस्ती करतो. विमान पेटले आणि फेस उडवला, असा प्रसंग सबंध नोकरीत एखाद्याच्या वाट्याला येतो किंवा येतही नाही. सराव मात्र ठरलेला असतो. ए-३२० सारखे विमान जिथे उतरते तिथे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सहाव्या श्रेणीची अग्निशमन सज्जता लागते. गाड्या, पाणी आणि फोम यांचे किमान प्रमाण ठरलेले असते आणि तीन मिनिटांच्या आत गाडी धावपट्टीच्या टोकाला पोहोचावी लागते. ही सज्जता टिकवायची म्हणजे नोझल चालवून बघावे लागतात, लोखंडी तसराळ्यात इंधन पेटवून विझवावे लागते आणि मग सगळे धुऊन काढावे लागते. मी ज्या मैदानावर शिकलो तिथे खाली काँक्रीट नव्हते. तसराळ्याभोवतीची माती काळी पडलेली होती आणि धुतलेले पाणी तिथेच जिरायचे. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, मलाही नाही.

तेव्हाच्या एएफएफएफ फोमचे वैशिष्ट्य असे होते की ३ भाग द्रव ९७ भाग पाण्यात मिसळला की पेटत्या इंधनावर पातळ पापुद्रा पसरायचा आणि वाफ कोंडायची. हा पापुद्रा फ्लोरिनवाल्या रसायनांमुळेच होत असे. आता फ्लोरिनरहित फोम मिळतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या नागरी विमानतळांवरच्या अग्निशमन सेवेने २०१० मध्येच तिकडे वळण घेतले. परंतु गाडीच्या टाकीतला फोम बदलला तरी पाइपात आणि मिश्रकात जुना चिकटून राहतो व पुढे कितीतरी काळ नव्यात उतरत राहतो. म्हणून कोणी ‘आम्ही फोम बदलला आहे’ असे सांगितले तर पुढचा प्रश्न विचारावा : कधी, आणि गाड्या कशाने धुतल्या?

माळवणी (मुक्काम लुंड)

शेजारच्या काकांनी ज्या उदाहरणांचा उल्लेख केला त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण माझ्या सध्याच्या मुक्कामापासून फार लांब नाही. दक्षिण स्वीडनमधल्या रोनेबी नगरपालिकेत कालिंगे नावाचे गाव आहे आणि त्याला लागून हवाई दलाचा तळ आहे. तिथल्या सरावात वापरलेल्या फोममधली रसायने भूजलात उतरून ब्रान्ताफोर्स येथील पाणीपुरवठा केंद्रापर्यंत पोहोचली होती. डिसेंबर २०१३ मध्ये हे उघडकीला आले आणि केंद्र लगेच बंद केले गेले. नगरपालिकेच्या सुमारे एक तृतीयांश घरांना तोपर्यंत ते पाणी मिळत होते आणि चव, रंग, वास यांत कोणालाही कधी फरक जाणवला नव्हता. फेस तर नव्हताच. पाणी बदलल्यावरही रक्तातले प्रमाण लगेच उतरले नाही. तिथल्याच लोकांच्या अभ्यासातून असे दिसले की शरीरातले पीएफओएस निम्मे व्हायला सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास लागतात आणि याच कुटुंबातल्या पीएफएचएक्सएसला पाच वर्षांहून अधिक. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने रक्तातले हे वाढलेले प्रमाण हीच व्यक्तीला झालेली इजा आहे, असा निकाल दिला.

हे सांगताना मला इंदूरची बरोबरी करायची नाही. तिकडचा तळ लष्करी होता आणि सराव मोठ्या प्रमाणावर होता. पण ‘कोणी मेलेले ऐकिवात नाही’ या युक्तिवादावर कालिंगेच्या लोकांनीही अनेक वर्षे काढली असणार.

रामबागवाला

ठीक आहे, शब्द मागे घेतो. पण मग घरोघर आरओ बसवला की प्रश्न संपत नाही का?

परीक्षानळी

पिण्यापुरता बऱ्याच अंशी सुटतो. आरओचा पडदा ही रसायने चांगली अडवतो, सक्रिय कोळशाचा फिल्टर लांब साखळीची रसायने काही काळ धरून ठेवतो, यूव्हीचा काही उपयोग नाही, आणि पाणी उकळून ती जात नाहीत, उलट पाणी आटेल तितकी दाट होतात. कोळसा संपला हे चवीवरून कळत नाही. आणि आरओचे जे पाणी वाया जाते ते आपल्या गल्लीत कुठे जाते? अंगणातल्या शोषखड्ड्यात, आणि तिथून मुरमात. विहीर तिथेच आहे.

अर्जदार

कागदपत्रांच्या बाजूने लिहितो. इंदूरचा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे, त्यामुळे माहितीचा अधिकार कायदा, २००५ प्रमाणे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो व उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘भूजल दूषित झाले आहे काय’ असे विचारू नये. कायद्याने असलेली नोंद मिळते, मत मिळत नाही, आणि असा प्रश्न पहिल्याच फटक्यात निकालात निघतो. वर्षवार कोणता फोम किती लिटर खरेदी केला, त्याचे सुरक्षा माहितीपत्रक, सरावाच्या जागेचा आराखडा, पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारांचा नकाशा, कालबाह्य फोमची विल्हेवाट कशी लावली त्याच्या पावत्या, एवढेच मागावे. पावत्यांवर बहुधा कोणाचे लक्ष नसते, आणि त्याच बोलक्या असतात.

कायद्याची स्थिती अशी आहे. पीएफओएस २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आले, पीएफओए २०१९ मध्ये, पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये. भारताने करार २००६ मध्ये मान्य केला, पण नंतर यादीत आलेली रसायने आपल्याला आपोआप लागू होत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या सात रसायनांना मान्यता दिली त्यांत पीएफओएस नाही. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये निघाले आहेत आणि त्यांत संशयित जागेच्या प्राथमिक पाहणीला ९० दिवसांची मुदत आहे. मात्र संशय नोंदवायला हातात काहीतरी मोजलेले असणे बरे.

बिजासनकर

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्यानंतर लिहीत आहे.

शोषखड्ड्याचा प्रश्न वर्मी लागला. विहिरीच्या पाण्यात डिटर्जंट ०.७, नायट्रेट ९२ आणि कोलिफॉर्म भरपूर निघाले. बोरिंगमध्ये डिटर्जंट नाही आणि नायट्रेट २८. टेप घेऊन मोजले तेव्हा शेजारी दोन वर्षांपूर्वी झालेल्या तीन मजली इमारतीचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून २२ फुटांवर निघाला. धुण्याच्या यंत्रांचे पाणीही त्यातच सोडले आहे. बांधणाऱ्याचे नाव इथे लिहीत नाही. बोलणे चालू आहे. विहिरीचे पाणी तूर्त झाडांना आणि गाडी धुवायला वापरतो. आईने मात्र ‘नवे पाणी’ हा शब्द सोडलेला नाही.

उताराचे कामही झाले. चार विहिरी घेतल्या, त्यांतल्या तीन उपयोगी पडल्या. चौथीचा पंप पहाटेच कोणीतरी चालू केला होता. ऑगस्टच्या अखेरच्या मोजणीत विमानतळाच्या बाजूची विहीर आमच्यापेक्षा १.४ मीटर उंच पाण्यावर आहे. म्हणजे या मोसमात तरी पाणी तिकडून इकडे येण्याची शक्यता आहे.

म्हणून कॉलनीने वर्गणी काढून पीफासचे नमुने पाठवले. बाटल्या प्रयोगशाळेनेच दिल्या होत्या, प्लास्टिकच्या, झाकणावर सील लावलेल्या. आकडे लिटरला नॅनोग्रॅममध्ये असे आले : विहिरीत पीएफओएस २.६, बोरिंगमध्ये १.९, आणि सोबत दिलेल्या कोऱ्या नमुन्यात २.१. याचा अर्थ काय घ्यावा?

परीक्षानळी

याचा अर्थ काहीच घेता येत नाही, आणि हे लिहिताना मला आपल्यापेक्षा जास्त वाईट वाटत आहे. कोरा नमुना म्हणजे प्रयोगशाळेने दिलेले स्वच्छ पाणी, जे विहिरीच्या काठावर उभे राहून एका बाटलीतून दुसरीत ओतायचे, एवढ्यासाठी की नमुना घेताना बाहेरून काही आले तर ते त्यातही दिसावे. ते दिसले. विहिरीच्या आकड्यातून कोऱ्याचा आकडा वजा करून ०.५ काढू नका. तसे करणे चुकीचे आहे. प्रयोगशाळेचा स्वतःचा अंतर्गत कोरा नमुना स्वच्छ होता का, हे अहवालाच्या शेवटच्या पानावर पाहा.

बिजासनकर

पाहिले. तो स्वच्छ आहे. मला वाटते घोळ नळाशी झाला. आदल्या संध्याकाळी प्लंबरने बोरिंगच्या नळाचा वायसर बदलून त्याला पांढरी टेप गुंडाळली होती आणि ती टेफ्लॉनची, म्हणजे फ्लोरिनवाल्याच पदार्थाची, असते असे नंतर कळले.

परीक्षानळी

टेप काढायलाच हवी, पुढच्या वेळी ती नको. पण कोरे पाणी त्या नळातून गेलेच नव्हते, आणि विहिरीचे पाणी आपण बादलीने काढले असणार. मग विहिरीचा, बोरिंगचा आणि कोरा, या तिन्ही नमुन्यांच्या जवळ समान काय होते? हात आणि अंगावरचे कपडे. त्या दिवशी पाऊस होता का?

बिजासनकर

होता, चांगलाच. भाच्याने मुंबईहून आणलेला नवा रेनकोट घातला होता. बाटली त्याच्या आडोशालाच भरली, पावसाचे थेंब आत जाऊ नयेत म्हणून.

खडकपारखी

पाणी निथळणाऱ्या कापडावरचा लेपही बहुधा याच कुटुंबातला असतो. विमानतळाचा शोध घेताना रेनकोट सापडला, असे झाले. तीन बाटल्यांचे पैसे गेले, पण कोरा नमुना घेतला नसता तर आज आपण २.६ हा आकडा घेऊन अर्ज लिहीत बसलो असतो, आणि समोरच्या तज्ज्ञाने पाच मिनिटांत तो खोडून काढला असता. पुढचा नमुना नोव्हेंबरच्या मध्यात घ्या. पातळीही त्याच दिवशी मोजा. या वेळी विमानतळाच्या बाजूच्या विहिरीचाही नमुना हवा, कारण वरच्या बाजूला जे नाही ते खाली आले तर उगम मधे कुठेतरी शोधावा लागेल.

बिजासनकर

त्या विहिरीच्या मालकीणबाई राजी आहेत. त्यांची अट एवढीच आहे की अहवालाची प्रत त्यांना आधी मिळावी आणि इथे त्यांच्या गल्लीचे नाव येऊ नये. दोन्ही मान्य केले. बाटल्यांची मागणी नोंदवली आहे, या वेळी कोरे नमुने दोन. छत्री चालेल का?

परीक्षानळी

छत्रीही नको, पाऊस असेल तर दिवस बदला. सुती कपडे घाला, तेही नवे नकोत. पाच-सहा वेळा धुतलेले, आणि धुताना कपडे मऊ करणारे द्रावण न घातलेले. सकाळी क्रीम, सनस्क्रीन लावू नका, खाण्याची पुडी काठावर उघडू नका, आणि बोरिंगचा पंप नमुन्याआधी किमान वीस मिनिटे चालवून पाण्याची विद्युत वाहकता स्थिर झाल्याची नोंद करा. हातमोजे प्रत्येक बाटलीला नवे.

बिजासनकर

वडिलांचा जुना सदरा आईने ट्रंकेतून काढून ठेवला आहे. अहवाल आला की सर्व पानांसह इथेच ठेवतो, शेवटच्या पानासह.